चौथऱ्याची उंची

पुतळ्याचं काम घेऊन मंडळी येतात ती उंची ठरवूनच. बारा फूट, पंधरा फूट. जागा विचारली की उत्तर मिळतं, ‘चौकात.’ पण चौकात कुठे? लोक कुठून चालत येणार, चौथरा नजरेच्या किती वर, पाठीशी आकाश की होर्डिंग? एवढं कळल्याशिवाय मातीला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

पुतळा एका नजरेत मावायला चौथऱ्यासकट त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर लागतं. अठरा फुटी घोडेस्वार बारा फुटी चौथऱ्यावर चढवला, तर साठ फूट मोकळे हवेत. कल्याण-डोंबिवलीत स्टेशनलगत एवढी जागा कुठली? जवळून मान वर केली की घोड्याचं पोट दिसतं, स्वाराचा चेहरा आखडून जातो. म्हणून उंचावरच्या पुतळ्याचं डोकं आम्ही किंचित मोठं घडवतो, नजर जराशी खाली झुकवतो. ठाण्यात सॅटिसच्या पुलावर मात्र हे गणित उलटतं. तिथून खालच्या पुतळ्याचे फेटा आणि खांदेच आधी दिसतील. दिशाही तितकीच महत्त्वाची. उत्तरेकडे तोंड केलेल्या पुतळ्याचा चेहरा आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने सावलीत राहतो. काळपट ब्राँझमध्ये मग डोळे हरवतात.

डोंबिवलीच्या शिल्पालयात भाऊ साठ्यांची शिल्पं हाताच्या अंतरावरून पाहता येतात. मातीवरून त्यांचा अंगठा कसा फिरला, तेही कळतं. त्याच हातांनी घडवलेले अश्वारूढ शिवाजी महाराज २६ जानेवारी १९६१ पासून गेटवेसमोर उभे आहेत. तिथे बारकावे कोण बघणार? तिथे बोलते ती घोड्याची आणि स्वाराची एकसंध बाह्यरेषा. शिवाय त्या जागी पूर्वी पंचम जॉर्जचा पुतळा होता, हे ठाऊक असलेल्याला महाराज आणखी वेगळे दिसतात.

आणि जागा म्हणजे वारा, खारी हवासुद्धा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ती बातमी ऐकून आमच्या धंद्यातला कुणीही त्या रात्री सुखाने झोपला नसेल.

आता मी कामाआधी एक अट घालतो. पूर्ण मापाची प्लायवूडची आकृती कापायची, ठरल्या जागी बांबूच्या परांचीवर उभी करायची आणि सकाळ-संध्याकाळ चारही रस्त्यांनी येऊन बघायची. रिक्षा स्टँडवरच्या लोकांनाही विचारायचं. दिवसभर तो चौक त्यांच्याच डोळ्यांसमोर असतो. अनावरणाची तारीख आधीच जाहीर झालेली असते, मंडळी घायकुतीला येतात. तरी चौथरा दोन फूट उतरवायचा की नाही, हे मी तिथेच उभं राहून ठरवतो.