बिनमेकअपचा भंडारदरा

‘मे महिन्यात भंडारदरा? डोकं ठिकाणावर आहे ना?’ आईची पहिली प्रतिक्रिया. सासूबाई जरा सौम्य : ‘टोप्या घ्या, आणि कांदा ठेवा जवळ.’ मैत्रिणींच्या ग्रुपवर तर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली.

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आपण नाशिककर भंडारदऱ्याला जातो ते जुलै-ऑगस्टमध्ये. हिरवेगार डोंगर, ढग, भाजलेलं कणीस आणि पाचशे फोटो. उन्हाळ्याची ट्रिप म्हणजे मनाली, नाही तर गेला बाजार महाबळेश्वर. पण यंदा आमच्या दोघांच्या कॅलेंडरमध्ये एकत्र रिकामा सापडला तो मेचा शेवटचा वीकेंड. मनालीचं नाव काढलं की क्रेडिट कार्ड डोळे वटारत होतं. मग ठरलं, सत्तरेक किलोमीटरवरचा भंडारदरा. काजवे दिसतील, एवढीच आशा.

आणखी एक कारण होतं, पण ते आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला कंपनीने बंगळुरूची पोस्ट देऊ केली होती. पगार चांगला, पदही मोठं. उत्तर द्यायला महिन्याची मुदत, त्यातले तीन आठवडे संपलेले. घरात विषय निघायचा आणि ‘बघू’, ‘ठरवू’, ‘आधी जेवून घे’ यावर मिटायचा. एकदा तो सहज म्हणाला, ‘तुझं काय, लॅपटॉप तर कुठेही चालतो.’ फ्रीलान्स पत्रकाराला याहून झोंबणारं वाक्य नसेल. लॅपटॉप चालतो रे, पण बातमी देणारी माणसं, फोन उचलणारे संपादक, अकरा मिनिटांवरचं माहेर, हे सगळं बॅगेत कसं भरू? हे मी मनात म्हणाले. मोठ्याने म्हणाले, ‘हं.’

शनिवारी सकाळी मिसळ खाऊन निघालो. मुंबई हायवे, घोटीला डावीकडे वळलो आणि गर्दी मागे पडली. रस्त्याकडेला पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या मुली. दोन द्रोण घेतले, बोटं चिकट झाली, गाडीत जुनी गाणी लागली. सुरुवात तर झकास!

बारी गावापाशी कळसूबाई समोर आली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. माझ्या लॅपटॉपच्या वॉलपेपरवर हाच डोंगर आहे, पण हिरवागार. समोरचा होता करपलेल्या भाकरीच्या रंगाचा. ‘हीच का ती?’ नवऱ्याने विचारलं. मला उगाचच त्या डोंगराच्या वतीने अपमान वाटला.

पुढे रंधा धबधबा. प्रवरा नदी इथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते, पण पावसाळ्यात. उन्हाळ्यात वरच्या भंडारदरा धरणातून पाणी सोडलं असेल तरच काही दिसायचं. आम्ही रेलिंगला टेकून उभे राहिलो. समोर नुसता काळा कातळ. ‘पैसे परत मिळतील का?’ नवरा म्हणाला आणि दोघंही खूप दिवसांनी खळखळून हसलो.

मग मात्र बघत राहिलो. पाणी नव्हतं म्हणूनच कातळाचे थर दिसत होते, एकावर एक रचल्यासारखे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पुन्हा पुन्हा पसरत गेला, त्यातून हा सगळा मुलूख घडला. पावसाळ्यात इथे चारदा आले असेन, पण हे थर कधी बघितलेच नव्हते. हिरवा मेकअप उतरल्यावर सह्याद्रीचा खरा चेहरा दिसतो. रापलेला, सुरकुत्यांचा, पण नाकीडोळी नीटस.

हसू फार टिकलं नाही. शेंडीत जेवताना पिठलं-भाकरीच्या ताटावर त्याचा फोन वाजला, ऑफिसमधून. ‘सोमवारपर्यंत सांगतो,’ तो म्हणाला. सोमवार? मला कोणी विचारलं? मी ठेचा जरा जास्तच खाल्ला. डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

जलाशयाकाठच्या रस्त्याने रतनवाडीकडे निघालो तेव्हा गाडीत फक्त एसी बोलत होता. धरणाचं पाणी बरंच खाली गेलेलं, काठाला भेगाळलेली माती. हे धरण इंग्रजांनी १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पूर्ण केलं. साठवण सुमारे ११ टीएमसी. याच पाण्यावर खाली अकोले-संगमनेरपासून पुढची शेती पिकते. आणि धरणाच्या काठावर, भर दुपारी, एक आजी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत होती.

नवऱ्याने गाडी थांबवली. हंडे मागे पायाशी ठेवले, आजी माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, ‘घरी कोण कोण असतं आजी?’

‘म्या आन् नातू. पोरगा-सून नारायणगावला गेल्यात कामाला. पाऊस पडला का येत्यात.’

‘दरवर्षी?’

‘मंग? पोट हाय ना.’ मग तिने आम्हा दोघांकडे पाहिलं. ‘तुमी दोघं एका गावाला ऱ्हाता ना?’

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. ‘हो आजी,’ तो म्हणाला, ‘सध्या तरी.’

आजीला उतरवल्यावर मी पुन्हा पुढे येऊन बसले. कोणीच काही बोललं नाही. पण गाडीतली शांतता बदलली होती. आमचा प्रश्न आजीच्या प्रश्नापुढे किती छोटा आहे, हे कळलं म्हणून तो सुटला असं मुळीच नाही. फक्त तो आता गाडीत आमच्याबरोबर उघड बसला होता.

संध्याकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर पाहिलं. दगडी कोरीवकाम असं, की बघताना मान दुखते. मग अंधार पडायची वाट.

काजव्यांच्या या दिवसांत वनखातं प्रवेशाचं शुल्क घेतं, नियमही सांगतं. अर्थात, नियम ऐकायला कान लागतात. आमच्यापुढची एक गाडी हेडलाइट फुल ठेवून, गाणी लावून उभी होती, आणि आतली मंडळी ‘कुठेयत काजवे?’ म्हणून कुरकुरत होती. काजवा म्हणजे भुंगेऱ्यांच्या कुळातला किडा. त्याच्या प्रौढपणाचे दिवस थोडे, आणि तो लुकलुकाट म्हणजे नर-मादीचा एकमेकांशी संवाद. आपण दिवे लावले की त्यांना एकमेकांचे दिवे दिसेनासे होतात.

ती गाडी कंटाळून निघून गेली. आम्ही दिवे बंद केले, मोबाइल उलटे ठेवले. पाच मिनिटं काहीच नाही. मग एक झाड हळूच पेटलं, विझलं. मग शेजारचं. मग अख्खी ओळ.

‘मला बंगळुरूला यायचं नाहीये,’ मी म्हणाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, मोठ्याने.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘मलाही जायचंय की नाही, माहीत नाही. पण नाही म्हटलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही, याची भीती वाटते.’

ही भीती मला माहीतच नव्हती. मी त्याच्या ‘बघू’मध्ये फक्त पगाराचा आकडा ऐकत होते. आणि माझ्या ‘हं’मध्ये त्याला होकार ऐकू येत होता! त्या रात्री आम्ही अंधारात दोन तास बोललो. भांडलोही. एकमेकांचे चेहरे दिसत नसले की खरं बोलणं सोपं जातं का, कोण जाणे.

सोमवारी त्याने उत्तर दिलं : आधी सहा महिने, मग दोघं मिळून ठरवणार. मी नाशिकलाच राहतेय. हा पर्याय मला पूर्ण आवडलाय असं नाही, त्यालाही नाही. पण निदान तो दोघांनी मिळून काढलाय.

तुम्ही जाणार असाल तर मेचा शेवट ते पहिला मोठा पाऊस, हा काळ बघा. पाणी भरपूर न्या, प्लास्टिक परत आणा, आणि कृपा करून हेडलाइट बंद ठेवा.

काजव्यांचा एकही फोटो धड आलेला नाही. वॉलपेपर मात्र बदललाय. कळसूबाईच आहे, पण करपलेल्या भाकरीच्या रंगाची.