कलिलातून काढलेला वाहक धागा

तांब्याच्या तारेतून वीज सुरळीत वाहते. परंतु तीच तार अंगावरच्या कापडात विणली की टोचते, वारंवार दुमडून तुटते आणि घामाने हिरवी पडते. म्हणून वस्त्रातूनच हृदयाचे स्पंदन टिपण्याची ज्यांना आस आहे, त्यांची दृष्टी वीज वाहणाऱ्या पॉलिमरकडे वळली. प्लॅस्टिक म्हणजे विद्युद्रोधक, ही समजूत शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ साली आयोडीनने संस्कारिलेल्या पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या दाखल्याने मोडीत काढली आणि २००० साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळविले.

पण असली द्रव्ये बहुधा विरघळतही नाहीत आणि वितळतही नाहीत. मग त्यांचा धागा काढावा कसा? जर्मनीच्या बायर कंपनीतील रसायनज्ञांनी पेडॉट हे वाहक पॉलिमर पॉलिस्टायरीन सल्फोनिक आम्लाच्या सान्निध्यात पाण्यातच घडविले. फोटोच्या फिल्मवर स्थिर विद्युत साचू नये म्हणून प्रथम वापरलेले हे गर्द निळे कलिल, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचे मिश्रण, दिसते शाईसारखे. त्यात घनांश शेकडा एकाच्या आसपास, कण काही दशक नॅनोमीटरांचे, आणि प्रत्येक कणात पेडॉटपेक्षा वजनाने सुमारे अडीच पट आम्ल. हे आम्ल स्वतः वीज वाहत नाही. ज्याच्या आधाराने कण पाण्यात तरंगतात, तेच धागा सुकल्यावर दोन कणांमध्ये आडवे येते. त्याला योग्य वेळी निरोप देणे हीच या विद्येची खरी किल्ली, असे माझे मत आहे.

कलिल मंद आचेवर ढवळीत दाट करावे लागते, गाळावे लागते आणि त्यातली हवा निःशेष काढावी लागते, कारण एक बुडबुडा सुईच्या तोंडाशी आला की धार तुटते. ती धार अ‍ॅसिटोनमध्ये किंवा तीव्र गंधकाम्लात सोडली की पाणी बाहेर ओढले जाते, धार आकसते, आणि केसाहून बारीक तंतू ताण देत गुंडाळता येतो. शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात व्हिस्कोसची धारही गंधकाम्लाच्या कुंडातच गोठते. इथे मात्र गंधकाम्ल त्या आडव्या येणाऱ्या पॉलिस्टायरीन सल्फोनिक आम्लाचा बराच अंश धुऊन नेते आणि पेडॉटच्या साखळ्या एकमेकींलगत आणते. जपानचे संशोधक ओकुझाकी यांनी २००९ साली तंतू केवळ इथिलीन ग्लायकॉलमध्ये बुडवून वाहकता सेंटिमीटरमागे ७४ सीमेन्सवरून ४६७ वर नेली; पुढे आम्लाच्या कुंडाने ती दोन हजारांपलीकडे गेली. तांब्याची सुमारे सहा लाख आहे, तेव्हा हा धागा संदेश वाहण्यासाठी, दिवे लावण्यासाठी नव्हे.

वाहकतेच्या आकड्यांचे कौतुक मला बेताचेच वाटते. तंतूत उरलेले पॉलिस्टायरीन सल्फोनिक आम्ल पावसाळी हवेतून ओल शोषते, तंतू फुगतो आणि रोध बदलतो. धुलाईत टिकण्याची कसोटी मी अधिक मोलाची मानतो.

श्रीगोंदे तालुक्यातील आमच्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात जाणता शेतकरी बैलाची चाल, रवंथ आणि श्वास पाहून त्याची पारख करतो. त्याच बैलाच्या हृदयाचा आलेख काढावयाचा, तर पशुवैद्याला कातडीस चिमटे लावून केस भिजवावे लागतात. छातीभोवती आवळलेल्या मऊ पट्ट्यात हे तंतू विणले, तर त्या मुक्या जनावराचा त्रास वाचेल, ही माझी मनापासूनची आस आहे. मात्र पट्ट्याला चिखल, मूत्र आणि दोरखंडाचे घर्षण सोसावे लागणार. म्हणून कातडीला टेकणारा भाग सोडून उरलेल्या तंतूवर लवचीक रोधक लेप चढविण्याची तजवीज आधी व्हावयास हवी.