आण्णांचा आडवा पट्टा

कागल,
घटस्थापना

चि. राणीस,


परवा फोनवर म्हणालीस की यंदा पट्टणकोडोलीच्या यात्रेला कॅमेरा घेऊन येणार. पाठीवरची मोठी सॅक घ्यावी की आडव्या पट्ट्याची स्लिंग बॅग, हे मात्र तुझं ठरत नव्हतं. मी 'स्लिंग घे' एवढंच बोललो आणि फोन कट झाला. पण तेवढ्यावर भागत नाही. लग्नं, वराती, उरूस, जत्रा यांत मी तीस वर्षं कॅमेरा वागवला. त्यातलं काही तुझ्या उपयोगी पडावं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझ्या आजोबांची, आमच्या आण्णांची, कातडी पिशवी तुला आठवत असेल. एसटीत कंडक्टर असताना ती रोज त्यांच्या अंगावर असायची. पट्टा डाव्या खांद्यावरून छातीवर आडवा आणि पिशवी उजव्या बाजूला, पोटाशी. बाजाराच्या दिवशी निपाणीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. पाट्या, कोंबड्या, खताची पोती, मांडीवरची पोरं, या सगळ्यातून आण्णा मागच्या बाकापर्यंत जाऊन परत यायचे. एक हात वरच्या दांड्याला आणि दुसरा पिशवीत. सुटे पैसे काढताना त्यांनी पिशवीत डोकावल्याचं मला आठवत नाही. नाणं बोटांनाच कळायचं. पिशवी कुणाच्या डोक्याला लागली नाही, आणि दिवसभरात ती खाली म्हणून टेकली नाही. लहानपणी मी त्या गाडीतून जायचो तेव्हा हे नुसतं बघितलं. त्याचा अर्थ कॅमेरा गळ्यात आल्यावर लागला. ज्या वस्तूनं काम करायचं ती अंगावरून न उतरवता हाताशी आली पाहिजे.

अमेरिकेतही एका छायाचित्रकाराला हेच सुचलं होतं. जिम डोमके हा 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' या वर्तमानपत्रात काम करायचा. तेव्हा कॅमेऱ्याच्या बॅगा पेट्यांसारख्या ताठ असायच्या. त्यानं १९७६च्या सुमारास जाड कॅनव्हासची, कुशीत बसणारी मऊ बॅग करून घेतली, आणि पुढं जगभरचे बातमीदार छायाचित्रकार ती वापरू लागले. तुझी स्लिंग ही त्याच घराण्यातली. हिची जास्तीची सोय एवढीच, की चालताना ती पाठीवर राहते आणि काम आलं की पट्ट्यासकट सरकून पोटाशी येते.

आता पट्टणकोडोलीचं. तू लहानपणी एकदा आली होतीस, पण खांद्यावर बसून. पायी उभं राहिलं की यात्रा वेगळी असते. विठ्ठल-बिरदेवाच्या नावानं चांगभलं होतं, ढोल आणि कैताळ एका लयीत सुरू होतात आणि चारी बाजूंनी भंडारा उडायला लागतो. लोकर आणि खोबरंही उधळलं जातं. देवाचे मानकरी फरांडेबाबा हातात तलवार घेऊन हेडाम, म्हणजे तलवारीचा नाच, खेळत येतात, त्यांची भाकणूक, म्हणजे पुढचं भाकीत, ऐकायला हजारो माणसं कान देऊन उभी असतात. समोरचा माणूस दिसत नाही एवढी हळद हवेत असते. तशात पाठीवरची सॅक म्हणजे काय होतं बघ. फोटो हवा तेव्हा एक पट्टा काढायचा, दुसरा काढायचा, सॅक खाली ठेवायची, वाकायचं, चेन पूर्ण उघडायची. तोवर हेडाम पुढं गेलेलं असतं, उघड्या सॅकमध्ये भंडारा पडलेला असतो आणि मागून येणारा धनगर म्हातारा तुझ्यावर अडखळलेला असतो. त्याच्यासाठी हा देवाचा दिवस आहे. आपण त्याच्या वाटेत सामान पसरून बसायचं, हे मला पटत नाही. फोटोपेक्षा मला त्याचं जास्त वाटतं.

स्लिंग फिरवायचीही एक पद्धत आहे. पट्टा उजव्या खांद्यावरून असेल तर बॅग डाव्या काखेखालून पुढं येते. आधी पट्टा इतका आवळून घे की बॅग पाठीला चिकटून राहील. सैल लोंबणारी बॅग चालताना कमरेवर आपटते आणि तेवढंच वजन दुप्पट वाटतं. पुढं आणताना पट्टा बोटभर सैल करायचा आणि मागं नेताना पुन्हा आवळायचा. झाकण अंगाच्या विरुद्ध बाजूला उघडणारं बघून घे. पोटाशी आडवी धरल्यावर बॅगेचंच टेबल होतं आणि आतलं सगळं नजरेत येतं. कॅमेरा लेन्स खाली करून ठेव, पकड वर. हात घातला की पकड थेट मुठीत आली पाहिजे.

आणि चेन. कॅमेरा बाहेर काढला की चेन लाव, परत ठेवला की चेन लाव. जोतिबाच्या चैत्र यात्रेत एकदा सासनकाठ्या नाचत खाली येत होत्या. गडबडीत मी लेन्स बदलली, चेन उघडीच ठेवून बॅग पाठीवर ढकलली आणि पुढं पळालो. १३५ची माझी लेन्स पायऱ्यांवर पडून फुटली. आवाजसुद्धा आला नाही, एवढा गुलाल आणि गलका होता. ती लेन्स घ्यायला मला दोन लगीनसराया लागल्या होत्या. तेव्हापासून चेन ओढल्याशिवाय माझा हात बॅगेवरून निघत नाही.

पट्टणकोडोलीत तर लेन्स बदलूच नकोस. भंडारा फार बारीक. उघड्या कॅमेऱ्यात सेन्सरवर बसला की दुरुस्तीवाल्याकडंच जावं लागतं. घरून निघताना एकच लेन्स चढव, २४-७० पुरे. रात्री घरी आल्यावर लगेच ओलं फडकं फिरवायचं नाही, त्यानं पूड फटीत जाते. आधी रबरी फुंकणीनं हवा मार, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यांत शेवटी. तोंडानं फुंकू नकोस, थुंकी उडते. बॅगेतले कप्पे वेगळे काढून अंगणात झटक. आतल्या अस्तराला पिवळा डाग पडेल. तो साबणानं घासलास तर लाल होईल, घाबरू नकोस. धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाक, फिका पडेल. हे तुझ्या आजीनं मला शिकवलं, तिच्या लुगड्यांवरून.

वजनाचं मात्र नीट ऐक, कारण स्लिंगचा खरा दोष तिथं आहे. सगळा भार एकाच खांद्यावर. कॅमेरा आणि २४-७० मिळून दीड किलोच्या आसपास होतात. त्यात ७०-२००ची जड लेन्स, फ्लॅश आणि पाण्याची बाटली घातलीस की तीन किलोच्या पुढं गेलीस. पहिल्या तासात काही वाटत नाही. चौथ्या तासाला मान एका बाजूला जाते. मी तरुणपणी ऐकलं नाही. उजव्याच खांद्यावर सगळं वागवलं, आणि आज माझा उजवा हात डोक्याच्या वर पूर्ण जात नाही. तू दिवाळीत बघितलंस ना, आकाशकंदील टांगायला मी तुला बोलावलं ते. म्हणून मोठी स्लिंग घेऊच नकोस. जागा असली की आपण भरतो. एक कॅमेरा, एक जास्तीची लेन्स, बॅटरी, कार्ड, फुंकणी आणि रुमाल एवढंच मावेल अशी घे. पट्टा रुंद आणि आतून गादीचा बघ, आणि दोन्ही खांद्यांवर आलटून-पालटून घालता येतो का ते दुकानातच घालून बघ. पुष्कळ बॅगा एकाच खांद्यासाठी शिवलेल्या असतात.

दाजीपूरला गवे बघायला जाशील, जंगलात दिवसभर चालशील, तेव्हा ही बॅग नको. तिथं दोन्ही खांद्यांची, कमरेला पट्टा असलेली सॅकच हवी, वर पावसाचं कव्हर. तिथं वाकून सामान काढायला वेळ असतो आणि मागून कुणी ढकलत नाही.

यात्रेला मात्र स्लिंगच का, ते कळायला कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो पुन्हा एकदा बघून घे. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी याच गावात आपल्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला. तिपाईवर चढवून त्याचं हँडल हातानं फिरवायचं. कॅमेरा जागचा हलायचा नाही, माणसांना त्याच्यासमोर आणून उभं करावं लागायचं. तुझा कॅमेरा माणसांत शिरतो. मग त्याची बॅगही माणसांत शिरण्यासारखी हवी, आण्णांच्या पिशवीसारखी.

ती पिशवी आण्णांनी निवृत्तीच्या दिवशी आगारात जमा केली. पण तिचा आधीचा तुटलेला पट्टा त्यांनी घरी ठेवला होता, तो माझ्याकडं आहे. जिथं तो खांद्यावर टेकायचा तिथलं कातडं काळं आणि गुळगुळीत झालंय, आणि बक्कलचं तिसरं भोक ओढून ओढून लांबट झालंय. म्हणजे रोज त्याच भोकात, रोज तेवढाच घट्ट. तुझ्या स्लिंगचा पट्टाही एकदा मापाला लागला की तिथं दोऱ्यानं खूण कर.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत कागलला ये. कॅमेरा, लेन्स सगळं बॅगेत भरू आणि स्टँडपासून गैबी चौकातून तलावापर्यंत जाऊन परत येऊ. घरी आल्यावर तुझा खांदा दुखत असेल तर एक लेन्स मामीच्या कपाटात राहील. येताना बॅग रिकामी आणू नकोस, भरूनच आण.

तुझा
मामा