मेण, तेल आणि शिसं

वंगण ही एके काळी घरी करायची गोष्ट होती, हे आता केडगावात सांगून कुणाला पटणार नाही. चौफुल्याकडे जाताना दुकानांत ग्रीसचे डबे रचलेले दिसतात. गुऱ्हाळाच्या चरकाला तेच, ट्रॅक्टरला तेच, कारखान्यावर ऊस नेणाऱ्या टायरगाडीलाही तेच. त्यात काय घातलंय हे कुणी विचारत नाही. लाकडी गाडीच्या काळात विचारायची वेळच येत नसे. साटीखाली बांबूचं नळकं टांगलेलं असायचं. त्यात एरंडेल नाहीतर करंजीचं तेल, जाळलेल्या गवताची राख, चिंध्यांचा बोळा आणि एक काडी. आख करकरू लागला की गाडीवान खाली उतरायचा, टेकण लावायचा, खीळ काढून चाक बाहेरच्या अंगाला ओढायचा आणि तो काळाभोर बोळा आखावरून फिरवायचा. हात धोतराला पुसले तर घरी बोलणी बसत, म्हणून बोटं बैलाच्या शिंगांना पुसली जात. शिंगंही चकाकायची.

घरातलं दुसरं वंगण आजीच्या करंड्यात होतं. त्याला वंगण म्हटलेलं तिला आवडलं नसतं. कुंकू कपाळावर टिकावं म्हणून आधी मेणाचं बोट लावायचं, त्या मेणाची पितळी डबी. मोहळाचं मेण नुसतं घेतलं तर थंडीत दगडासारखं होतं, बोटाला लागत नाही. म्हणून ते मंद आचेवर वितळवून त्यात खोबरेल घालायचं. पौषात तेल जरा सढळ, चैत्रात हात आखडता. आजीकडे माप नव्हतं. निवलेल्या मेणावर ती नखाने रेघ ओढायची. रेघेच्या कडा भुरभुरल्या तर अजून तेल हवं, रेघ मिटून गेली तर तेल जास्त झालं.

बंदुकीच्या शिशाच्या गोळीला लागतं ते वंगण थेट याच घराण्यातलं, हे पुढे वाचनात आलं तेव्हा मी त्या डबीकडे नव्याने पाहिलं. शिसं मऊ. नळीच्या आत आटे पाडलेले असतील तर गोळी त्यांना घासत जाते आणि शिशाचा पातळ थर आत चिकटून बसतो. शिवाय काळ्या दारूची काजळी साचून कडक होते आणि पुढची गोळी आत सरकत नाही. मेण आणि तेल किंवा चरबी यांचं मिश्रण काजळी मऊ ठेवतं, शिसं चिकटू देत नाही. अडचण फक्त हवामानाची. चरबी उन्हात पाघळते, शिवाय ती खवट झाली की शिसंही खाते. मेणाला वितळायला साठाच्या वर अंश लागतात, म्हणून मेणाचा भाग वाढवायचा. आजीच्या नखाचाच हिशेब.

हा हिशेब इंग्रजांनाही करावा लागला. एनफील्ड रायफलीची, दातांनी फाडायची, वंगण लावलेली कागदी काडतुसं 1853 मध्ये हिंदुस्थानात आली ती लढाईसाठी नव्हे, इथल्या उन्हात त्यांचं वंगण कसं टिकतं ते पाहण्यासाठी. कर्नल टकर नावाच्या अधिकाऱ्याने त्याच वर्षी वर कळवलं होतं, की हे वंगण कुणाच्या धर्माला बाधणारं नाही याची खात्री होईपर्यंत देशी पलटणींना ही काडतुसं देऊ नका. पत्र दप्तरात गेलं. उन्हाची परीक्षा झाली, माणसांची राहिली.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. जानेवारी 1857, डमडमचा कारखाना, पाणी मागणारा खलाशी आणि त्याला लोटा नाकारणारा शिपाई. खलाशी म्हणाला, आज लोटा देत नाहीस, उद्या गाईची आणि डुकराची चरबी दातांनी तोडशील. बातमी छावणीछावणीतून पसरली. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वर्षी दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले होते. त्यांनाही महूच्या वाटेवर शिपायांकडून काडतुसांची हकिकत कळली. त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचताना जाणवतं, की अशी बातमी भिक्षुकाच्या पायांनीही चालते.

पण शाळेच्या पुस्तकात सहसा न येणारी गोष्ट याच्या पुढची आहे. बराकपूरच्या जनरल हिअर्सीने सुचवलं आणि सरकारने जानेवारी संपायच्या आतच मान्य केलं, की काडतुसं कोरी द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून हवं ते आणून आपलं वंगण आपण करावं. म्हणजे मेण आणि तेल. म्हणजे करंड्यातली डबी. उपाय बिनतोड होता आणि कुचकामी ठरला. वंगण गेलं, तर संशय कागदावर बसला. कागद तुकतुकीत दिसतो, म्हणजे त्यातच चरबी असणार. कागद तपासून त्यात चरबी नसल्याचा निर्वाळा दिला गेला, पण तो देणारे सरकारचेच. मग दातांऐवजी बोटांनी काडतूस फाडायची मुभा दिली. प्रत्येक सवलतीने एकच गोष्ट सिद्ध होत गेली: आधी काहीतरी लपवलं होतं.

मला यात दोष शिपायांच्या भोळेपणाचा दिसत नाही. त्यांना भोळं म्हणणं फार सोयीचं आहे. सुरुवातीच्या चरबीत कोणत्या जनावराची भेसळ होती, हे पुरवठा घेणाऱ्या अधिकाऱ्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. आणि प्रश्न तोंडाचा होता. त्या काळी रेल्वेच्या आखांनाही चरबी आणि पामतेलाचं वंगण सर्रास घालत. आमच्या केडगावावरून पुण्याहून दिकसाळकडे आगगाडी सुरू झाली ती 1858 मध्ये, बंडाच्या दुसऱ्याच वर्षी. लोक त्या गाडीत बसले. आखाला काय लावलंय हे कुणी हुंगलं नाही, कारण आख कुणाला दाताखाली धरायचा नव्हता.

पुढे 1869 मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि पितळी काडतुसांनी दातांनी फाडायच्या कागदाची सुट्टी केली. आज घरच्या घरी गोळ्या ओतायच्या म्हटलं तर 1959 चा शस्त्र कायदा आडवा येतो, आणि ते योग्यच आहे. इकडे नळकं गेलं, कुंकवाच्या जागी टिकली आली. घरात जे रोज लागतं त्यात काय घातलंय ते आपल्या नखाला कळायचं, ते कळणंही गेलं. आपण डब्यावरच्या बारीक अक्षरांवर विश्वास ठेवतो, आणि एखाद्या दिवशी कुठल्या तरी तेलाची, तुपाची, प्रसादाची बातमी येते तेव्हा तितक्याच घाईने तो सोडूनही देतो. प्रयोगशाळेचा अहवाल मागून येतो. तो कुणी वाचत नाही.

24 एप्रिल 1857 ला मीरतच्या कवायतीत तिसऱ्या घोडदळाच्या 90 पैकी 85 स्वारांनी काडतुसांना हात लावायला नकार दिला. 9 मे रोजी त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या, 10 मे रोजी मीरत पेटलं. ती काडतुसं एनफील्डची नव्हती. ती जुन्याच बनावटीची होती, स्वार वर्षानुवर्षं वापरत आले होते तशीच, आणि पलटणीच्याच कोठारात तयार झालेली होती.