पन्नास केबीतला चेहरा

पुण्यात सदाशिव पेठेतून नवी पेठेकडे चालत निघालं की अभ्यासिका, खानावळी आणि झेरॉक्सची दुकानं एकामागून एक लागत जातात. दुकानांच्या काचांवर कागद चिकटवलेले असतात आणि त्यांत एक ओळ हमखास असते : ‘फोटो व सही केबीमध्ये करून मिळेल.’ परगावचा म्हातारा माणूस ती वाचून बुचकळ्यात पडेल. तिथल्या पोरांना मात्र कुणाला काही विचारावं लागत नाही. लातूर, बीड, नंदुरबारहून आलेली ही मुलंमुली अर्ज भरून भरून त्या मापात इतकी मुरली आहेत, की भाजीवाल्याकडे पावशेर मिरच्या मागाव्यात तशी सहज म्हणतात, ‘दादा, फोटो पन्नासच्या आत बसवा. सही वीसच्या.’

मापं ठरलेली असतात. आयबीपीएसच्या बँकभरतीच्या अर्जाला फोटो लागतो २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबी वजनाचा. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याच्या ठशालाही माप आहे. गंमत अशी की चेहरा फार हलकाही चालत नाही. १९ केबीचा माणूस नापासच. दुकानदाराला हे सगळं तोंडपाठ असतं. मुलानं खोलीतल्या भिंतीसमोर उभं राहून मित्राच्या फोनवर काढून घेतलेला फोटो चार-पाच एमबीचा, त्यात एक कोटी वीस लाख ठिपके, म्हणजे पिक्सेल. दुकानदार चौकट ओढतो, कान आणि खांदे आत घेतो, आकडे टाकतो. एकाहत्तर केबी. मग चोपन्न. मग एकोणपन्नास. ‘झालं. पुढचा.’ एक कोटी वीस लाखांतले उरले शेहेचाळीस हजार. मुलगा स्क्रीनकडे वाकून पाहतो आणि विचारतो, ‘मीच आहे ना हा?’ सगळे हसतात, दुकानदार हसत नाही. त्याच्यामागे रांग आहे आणि अर्जाची मुदत रात्री संपते आहे.

त्या एका मिनिटात तीन वेगळी कामं झालेली असतात. पहिलं कापण्याचं. भिंत गेली, भिंतीवरचा स्विचबोर्ड गेला, खिळ्याला टांगलेला पंचा गेला. हे कापणं प्रामाणिक असतं. काय गेलं ते दिसतं. दुसरं काम लहान करण्याचं, आणि तिथे कुठलीच कड जात नाही. सगळं जागच्या जागी राहतं, फक्त शेजारशेजारचे शेकडो ठिपके मिळून एक होतात. त्यांच्या रंगांची सरासरी काढायची आणि ती एकाच ठिपक्याला द्यायची. भुवईतला एखादा पांढरा केस काळ्या केसांच्या सरासरीत बुडून जातो. कपाळावरचा लहानपणच्या पडण्याचा व्रण उरतोही आणि नाहीही.

या सरासरीची खोड पाहायची असेल तर इरकली लुगडं नेसलेल्या बाईचा फोटो लहान करून पाहावा. नाहीतर बारीक चौकडीचा शर्ट घातलेल्या काकांचा. काम घाईचं असेल तर संगणक सरासरीही काढत बसत नाही, दर पाच-सहा ठिपक्यांमागे एक उचलतो आणि बाकीचे टाकतो. उचललेला ठिपका कधी रेघेवर पडतो, कधी दोन रेघांच्या मधल्या जागेवर. मग कापडावर कधीच नव्हत्या अशा रुंद, वाकड्या लाटा उमटतात. विणकरानं न विणलेली नक्षी! चांगलं सॉफ्टवेअर म्हणून आधी चित्र किंचित धूसर करून घेतं आणि मगच लहान करतं. लाट येत नाही, पण रेघाही राहत नाहीत. लुगडं नुसतं करड्या रंगाचं दिसतं. दोन्हींत मला विचाराल तर लाटा बऱ्या. निदान काहीतरी बिनसलंय हे कळतं तरी.

तिसरं काम दाबण्याचं, आणि ते सर्वांत हुशारीचं. फोटोच्या नावामागे जे जेपीजी लागतं त्याची ही करामत. हे मानक ठरलं १९९२ मध्ये, पण त्याच्या पोटातलं गणित आपल्याकडल्या माणसाचं आहे. नासिर अहमद यांचा जन्म बंगळूरचा, इंजिनिअरिंगही तिथलंच. पुढे अमेरिकेत कॅन्ससला शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या सरकारी विज्ञाननिधीकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत. एका परीक्षकाला कल्पना फारच सोपी वाटली, असं त्यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती १९७४ मध्ये छापली. आज घरोघरच्या फोनमधले बहुतेक फोटो त्या सोप्या कल्पनेवर चालतात.

कल्पना अशी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाकडे लाटांची बेरीज म्हणून पाहायचं : काही लाटा संथ, काही अगदी बारीक थरथरणाऱ्या. संथ लाटा म्हणजे गालाचा उतार, आकाश, भिंत. थरथरणाऱ्या लाटा म्हणजे केस, जर, पापण्या. माणसाच्या डोळ्याला संथ लाटांतली चूक लगेच खटकते, बारीकांतली कळत नाही. मग बारीक लाटा ढोबळ आकड्यांत मांडायच्या, पुष्कळशा तर शून्यच करून टाकायच्या. रंगाचंही तसंच. उजेड-अंधाराला आपला डोळा तिखट, रंगाला मंद. म्हणून रंगाचा तपशील बहुधा निम्म्यावर आणतात. लग्नाच्या फोटोत कुंकवाची कड त्वचेवर किंचित फिसकटलेली दिसते ना, ती घामानं फिसकटलेली असेलच असं नाही.

तो फोटो कुणी उतरवून पुन्हा चढवतो, कुणी स्क्रीनशॉट काढतो, कुणी त्याच्याभोवती फुलांची चौकट लावून सकाळी सहाला धाडतो. दर फेरीला थोडं दाबलं जातं. हळूहळू ते आठ बाय आठचे चौकोन वर येतात आणि गुलाबाच्या पाकळीवर फरशी बसवल्यासारखी दिसते.

हे सगळं डोळ्याच्या हिशेबानं अगदी बरोबर आहे. मला पटत नाही ते एवढंच, की डोळ्याला काय चुकल्यासारखं वाटेल याचा हिशेब म्हणजे माणसाला काय चुकल्यासारखं वाटेल याचा हिशेब नव्हे. तो खिळ्यावरचा पंचा परीक्षा घेणाऱ्यांना नको होता. पण त्या मुलाच्या आईला तो फोटो कापण्याआधी दाखवला असता तर तिनं पहिलं तेच पाहिलं असतं : पंचा धुतलेला आहे का, भिंतीला ओल आहे का, पोरगा राहतो कुठे.

घराघरांतल्या मुंजी-बारशांचे फोटो आता एकदम साठ-सत्तरच्या घाऊक भावानं येतात. पाठवणाऱ्यानं निवडायचं ही पद्धत गेली. छत्तीसच्या रोलमध्ये प्रत्येक क्लिक पैशाचा होता, निवड डोळा लावण्याआधीच व्हायची. आता सगळं पाठवायचं आणि घरच्यांनी आपापलं शोधायचं. आमच्या घरच्या ग्रुपवर मुंजीचे फोटो आले की प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो, मग स्वतःचे डोळे मिटलेला फोटो कोणता ते शोधतो, आणि तो डिलीट करायला सांगतो. बटूकडे पाहणारी फक्त त्याची आजी. न्यू जर्सीचा मामेभाऊ एवढंच लिहितो : ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा, क्वालिटी जाते.’ त्याचं बरोबरच आहे, कारण तिथे तो फोटो टीव्हीवर लावणार असतो. पण इकडे फोनची मेमरी भरलेली, नेट हळू. साठ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला बसलं तर लाडू पाठवणं लवकर होईल.

पाठवायचं तर लहान करायला हवं, हा नियम संगणकानं घातलेला नाही. १८७०च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजेनं पॅरिसला वेढा घातला. शहराबाहेर पत्रं नेण्याचा मार्ग सापडला होता : गॅसचे फुगे, वारा नेईल तिकडे. पण फुगा परत येत नाही, त्यामुळे आत पत्रं आणायची कशी? मग फुग्यांतून पॅरिसची कबुतरं बाहेर नेली. ती घराच्या ओढीनं परतणार आणि येताना टपाल आणणार. आता कबुतरानं वाहून वाहून वाहायचं किती? इथे रने दाग्रों नावाचा छायाचित्रकार पुढे आला. सूक्ष्म छायाचित्रांचं पेटंट त्यानं १८५९ मध्येच घेतलेलं होतं. तोवर त्याचा व्यवसाय म्हणजे दागिन्यात किंवा टाकाच्या दांड्यात भिंगामागे बसवायची चिमुकली चित्रं विकणं. शौकाची वस्तू, कामाची नव्हे. १२ नोव्हेंबरला तो ‘निएप्स’ नावाच्या फुग्यातून पॅरिसबाहेर उडाला. सामानाचा फुगा ‘दागेर’ शत्रूच्या हाती पडला. छायाचित्रणाच्या दोन आद्यपुरुषांची ही नावं; त्यातला एक निसटला, एक सापडला.

दाग्रोंनं बाहेरून आलेले निरोप पानांवर छापून घेतले आणि ती पानं साडेतीन बाय सहा सेंटिमीटरच्या आसपासच्या पातळ कलोडियनच्या पापुद्र्यांवर छायाचित्रानं उतरवली. एका पापुद्र्यावर तीनेक हजार निरोप मावत. असे अठरापर्यंत पापुद्रे गुंडाळून एका नळीत घालायचे आणि नळी कबुतराच्या शेपटीच्या पिसाला बांधायची. पॅरिसमध्ये ते पापुद्रे काचांमध्ये धरून मॅजिक लँटर्ननं भिंतीवर मोठे करत आणि कारकून बसून ते हातानं उतरवून घेत. कडाक्याचा हिवाळा, धुकं, ससाणे. तीनशेच्या वर कबुतरं सोडली, पोहोचली साठेक. म्हणून एकच निरोप पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कबुतरांबरोबर धाडत. ‘आम्ही सुखरूप आहोत, मूल झालं, पैसे मिळाले नाहीत’ असल्या मजकुराच्या किती प्रती वाटेत बर्फात पडल्या असतील!

या गोष्टीत मला कबुतरापेक्षा पापुद्र्याचं अप्रूप वाटतं. तो लहान केलेला मजकूर पुन्हा मोठा होत होता, आणि मोठा झाल्यावर अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. कलोडियनचा कण इतका बारीक, की लहान होताना फारसं काही मिसळून गेलंच नाही. आमच्या साठ फोटोंचं तसं नाही. अडीचशे ठिपक्यांची सरासरी एकदा काढली की त्या एका ठिपक्यातून परत अडीचशे काढता येत नाहीत.

एका वेळी पुष्कळ चित्रं लहान करून वाटायची हौसही पॅरिसचीच. आंद्रे दिस्देरी यानं १८५४ मध्ये एका काचेवर अनेक लहान छबी टिपण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचे हे फोटो युरोपभर अल्बमांत जमू लागले. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढे हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या मुंबईतल्या छायाचित्रकारांनी इथल्या प्रतिष्ठितांना त्याच चिमुकल्या पुठ्ठ्यांवर बसवलं. माणसं एकमेकांना आपला चेहरा देऊ लागली. खिशात मावेल असा.

आमच्याकडे चिंता उलटी असे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याचा फोटो नाही असं ध्यानात यायचं. मग कुठल्यातरी लग्नातला चाळीस जणांचा समूहफोटो निघायचा, त्यात तिसऱ्या रांगेत, पदराखाली, बोटाच्या नखाएवढी आजी. तालुक्याच्या स्टुडिओत तो नेला की स्टुडिओवाला विचारी, ‘रंगीत हवा की काळा-पांढरा?’ नखाएवढ्या चेहऱ्यातून बारा बाय पंधरा इंचांचा चेहरा काढायचा म्हणजे धुकं आणि कण. त्यावर तो पेन्सिलीनं आणि रंगानं काम करी : डोळ्यांत पांढरा टिपका, भुवयांना कमान, साडीला निळा रंग, गळ्यात मंगळसूत्र. त्यामुळे एका तालुक्यातल्या पुष्कळ भिंतींवर एकाच स्टुडिओवाल्याच्या मनातली बाई लटकते. तिच्यासमोर उदबत्ती लावताना कुणालाही शंका आली नाही.

आता ते काम फोनमधलं अॅप करतं, दहा सेकंदांत. गेल्या दिवाळीत मामेभावानं तसाच एक समूहफोटो अॅपमध्ये घातला आणि आजीचा मोठा, स्वच्छ, त्वचेची रंध्रं दिसतील इतका ठळक चेहरा ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, बदाम टाकले. मावशीचं उत्तर दुपारी आलं, आवाजात : ‘ही कोण बाई आणलीस रे? आईच्या कपाळावर गोंदण होतं. पुढचा दात थोडा बाहेर होता. आणि नथ तिनं जन्मात घातली नाही.’ भावानं समजावलं की मूळ फोटोत चेहरा एवढासाच आहे, गोंदण त्यात आलेलंच नाही, तर अॅप ते आणणार कुठून. अॅपला नथ कुठून सापडली, हे मात्र त्याला सांगता येईना.

मावशीनं वाद घातला नाही. तिनं शेजारच्या मुलाकडून त्या चेहऱ्याचा प्रिंट काढून घेतला, निळ्या बॉलपेननं कपाळावर पाच ठिपके दिले, नथ पांढऱ्या खडूनं पुसली आणि ट्यूबलाइटखाली त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तिरका, चमकलेला, एका कोपऱ्यात तिचा अंगठा. धाकट्या मामानं तोच डीपीला लावला. न्यू जर्सीहून लगेच मेसेज आला : ‘आत्या, हाच छान आहे. फक्त डॉक्युमेंट म्हणून पाठव ना.’