अ‍ॅव्हरेज वाढवा, मेस्त्री

गाडी ट्यूनिंगला टाकताना मेस्त्रींना सांगायचं ते एकच असायचं : ‘तेवढं अ‍ॅव्हरेज वाढवा.’ पिकअप, आवाज, धूर हे नंतरचं. त्याची काळजी कॉलेजातल्या पोरांना. घरात मोटारसायकल एक आणि तिच्यावर नोकरी, रान, बाजार, लग्नकार्यं सगळी. मेस्त्री मग कार्बोरेटर उघडून नीडल एक खाच खाली घ्यायचे, एअर स्क्रू अर्धा आटा बाहेर काढायचे, फारच आग्रह झाला तर मेन जेट एक नंबर बारीक घालायचे. गाडी लिटरला दोन-चार किलोमीटर जास्त द्यायला लागायची आणि मेस्त्रींचं गल्लीत नाव व्हायचं.

त्या किलोमीटरांचे पैसे पिस्टनने भरले. वडिलांची १९८९ची यामाहा आरएक्स १०० आता माझ्याकडे, कोल्हापुरातल्या घराच्या मागच्या पडवीत आहे. हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे दिसले, नख फिरवलं की अडकावं इतके खोल. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल जळतं तसंच आत येताना इंजिनाची उष्णताही काढून घेतं. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की पिस्टन तापून फुगतो आणि करूळ घाटाच्या चढाला, मागे माणूस बसलेला असताना, सिलिंडरला धरतो. मग कडेला थांबायचं, गाडी गार होऊ द्यायची आणि परत किक. असं किती वेळा झालं असेल ते त्या ओरखड्यांवरून कळतं. तरीही गाडी चालत राहिली, हे तिचं मोठेपण.

म्हणून जुने दिवस आठवताना एक गोष्ट मी आधी सांगतो. या गाड्यांचे खरे लाड तेव्हा झाले नाहीत, ते आत्ता होताहेत.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या दोन-तीन वर्षांत जपान आपल्या रस्त्यावर एकदम उतरलं. १९८४मध्ये इंड-सुझुकी, १९८५मध्ये हिरो होंडा आणि त्याच वर्षाच्या शेवटी एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००. १९८६मध्ये आपल्या बजाजने कावासाकीला हाताशी धरून केबी १०० काढली. बुलेट, येझदी, राजदूतला सरावलेल्या माणसांना हलकी आरएक्स १०० सुरुवातीला खेळण्यातली वाटली. शंभर किलोच्या आसपास वजन, ९८ सीसीचं इंजिन, ५० मिलिमीटरचा बोअर आणि तेवढाच स्ट्रोक, ताकद ११ हॉर्सपॉवर. पण दुसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की बुलेटवाले मागे राहायचे. सुरुवातीच्या गाड्यांत जपानहून आलेले भाग पुष्कळ होते, म्हणून ‘जपान इंजिन आहे’ हे विकणाऱ्याचं शेवटचं आणि सगळ्यात वजनदार वाक्य असे. १९९६मध्ये आरएक्स १०० बंद झाली.

तेव्हा स्पेअर पार्ट मिळत होते, पण घेणाऱ्याची नजर स्वस्तावर असायची. पिस्टन रिंग बदलायची झाली तर एकच बदलून दुसरी तशीच ठेवायची. सायलेन्सरमधली जाळी पोरं हौसेने काढून टाकत, कारण आवाज फुटतो. तीच जाळी आता मी महिनोन्‌महिने शोधली आणि शेवटी दुसऱ्या राज्यातून कुरिअरने मागवली. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबायला नसतो. सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण तो दाबाच्या लाटेने परत आत ढकलतो. जाळी काढली की आवाज वाढतो, पण लाटेचं गणित बिघडतं आणि खालच्या स्पीडला गाडी मेल्यासारखी होते. हे तेव्हा कुणी समजावून सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं, तो भाग वेगळा.

कामाची पद्धत तर पुरती बदलली. पूर्वी सिलिंडर उद्यमनगरात बोरिंगला टाकला की संध्याकाळी घेऊन यायचा; किती गॅप ठेवलाय हे विचारायची रीत नव्हती. पिस्टन हाताने आत सोडून बघायचा, सावकाश उतरला की झालं. उद्यमनगर आजही आहे आणि तिथल्या लेथवर चालणारा हात आजही तितकाच तयार आहे. फरक एवढाच की आता मी पिस्टन आधी देतो, मग बोरिंग. पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा, सिलिंडर बोअर गेजने तीन उंचींवर मोजायचा आणि दोन्हींतला फरक शतांश मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायचा. एवढं केलं की गॅपमुळे नवा पिस्टन धरायचं कारण उरत नाही.

पण सगळं मापात बसतं असं नाही. इंजिन बांधल्यावर गाडी पहिल्या किकला सुरू झाली, फक्त मूठ सोडल्यावर आरपीएम उतरायला वेळ लागत होता. कार्बोरेटर साफ, जेट बरोबर, फ्लोटची उंची बरोबर. आमच्या गल्लीतले जुने मेस्त्री आता दुकान बंद करून घरी असतात. त्यांना बोलावलं. ते गाडीजवळ बसलेसुद्धा नाहीत.

‘हवा खातंय बघ मॅग्नेटच्या बाजूनं. सील बदललास का?’

‘नवीनच आहे मेस्त्री.’

‘नवीन असंल. पण सरळ बसलंय का?’

कव्हर काढलं, मॅग्नेट ओढला. सील एका बाजूला केसभर तिरकं होतं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर जातं. सील गळतं असेल तर तिथून जादा हवा आत शिरते आणि कार्बोरेटर कितीही जुळवला तरी आयडलिंग जागेवर बसत नाही. दुसऱ्या, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं : गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट. हे सगळं पुस्तकात आहे, व्हिडिओतही आहे. मूठ सोडल्यानंतरच्या दोन सेकंदांत ते ऐकू येणं मात्र कशातच नाही. तेव्हा प्रत्येक गल्लीत असा एक कान होता आणि संध्याकाळी त्याच्याभोवती स्टुलावर बसलेली चार माणसं होती. आता चांगल्यातलं चांगलं स्पेअर घरपोच येतं, पण तो कान शोधत जावं लागतं. मला याचं फार वाईट वाटतं.

पेट्रोलही तेव्हाचं राहिलेलं नाही. शिशाचं पेट्रोल २००० साली गेलं ते चांगलंच झालं. आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून कंपनीने दिलेल्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ होतं. पूर्वी अ‍ॅव्हरेजसाठी आपण जे हाताने करायचो ते आता पंपच करून देतो. मी मेन जेट एक नंबर मोठा घातला, पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करतो. नाहीतर आत पांढरी पूड धरते. जेट बरोबर की नाही ते प्लग सांगतो. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मूठ उघडून जायचं, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. पांढरा आला तर पेट्रोल कमी, काळा ओला आला तर जास्त. बदामी आला की पाना खाली ठेवायचा. ही परीक्षा मात्र चाळीस वर्षांत तसूभरही बदललेली नाही.

ऑइल पंपाबद्दल माझं ठाम मत आहे. मूठ जेवढी उघडाल त्या प्रमाणात टू-टी ऑइल इंजिनाला देणारा हा पंप यामाहाने फार विचार करून दिलेला आहे. पूर्वी तो बिघडला की काढून फेकायचे आणि पेट्रोलमध्ये अंदाजाने ऑइल ओतायचे. आजही पुष्कळ जण तेच करतात. केबल जुळवून पंपाच्या चाकावरची खूण जागेवर आणली की तो पुन्हा नीट चालतो, इतकं ते साधं काम आहे.

सरकारदरबारी ही गाडी अधांतरी आहे. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पासिंग, वर ग्रीन टॅक्स. २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणायला पन्नास वर्षं लागतात, म्हणजे हिला तो मान २०३९मध्ये. त्या नोंदणीत गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. रोजच्या वापराला परवानगी नाही. मला ती मंडईत न्यायची आहे, पन्हाळ्याला न्यायची आहे, म्हणून माझं लक्ष २०२९च्या पासिंगवर आहे. या खेपेच्या बोरिंगला सिलिंडर दुसऱ्या ओव्हरसाइजला गेला. अजून दोन शिल्लक आहेत.