न धावणाऱ्या गाडीचे पहिले ऑइल

नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलचा प्रश्न डिचोली आणि पेडणे या तालुक्यांतील मिस्त्रीला आज जितका छळतो तितका तो खाणी चालू असताना छळत नव्हता, कारण त्या काळी दारात येणारे इंजिन बहुधा टिपर ट्रकचे असे, त्यात १५डब्ल्यू-४० हे डिझेलचे जाड ऑइल निमूटपणे ओतले जाई आणि रिंगा बसवण्याचे उरलेले काम खाणीचा चढ व पाठीवरचे खनिज मिळून थोड्याच दिवसांत उरकून टाकत. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम कोरलेल्या बारीक तिरप्या रेघांवर पिस्टनच्या रिंगा घासून तिच्याशी जुळणे म्हणजे रिंगा बसणे. त्यासाठी जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीकडे रेटावा लागतो आणि हा दाब भाराशिवाय येत नाही. भार मिळालाच नाही तर त्या रेघांवर जळक्या ऑइलचा गुळगुळीत थर चढतो आणि पुढे ते इंजिन ऑइल खाऊ लागते.

हा भारच आता दुर्मिळ झाला आहे. मांद्रे, मोरजी किंवा कोरगावच्या बंद घरापुढे उभी असलेली नवी पेट्रोल गाडी चवथीला आठ दिवस फिरते आणि एरवी शेजारचा कोणी बॅटरी उतरू नये म्हणून ती अंगणातच दहा मिनिटे चालू करून ठेवतो. परिणामी रनिंग-इनचे पहिले १,००० किलोमीटर वर्ष उलटले तरी पुरे होत नाहीत. त्याच कारखान्यातून निघालेली दुसरी गाडी जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोपा विमानतळाच्या भाड्याला लागली, तर तेवढे अंतर काही दिवसांत कापते. दोन्ही गाड्यांच्या पुस्तकात ऑइल बदलण्याची अट बहुधा एकच असते, १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. मात्र मालक त्यातला पूर्वार्ध तेवढा वाचतो.

प्रस्तुत लेखकाला ज्या गाठीने सर्वाधिक दमवले ती येथेच आहे. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते, आणि इंजिन पुरेसे तापले नाही तर त्यातले काही पाणी व काही न जळलेले पेट्रोल रिंगांच्या कडेने चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात, उतरते. जुलैच्या दमट हवेत अशा गाडीचे ऑइलचे झाकण उघडले की आतून पांढरट फेस लागलेला दिसतो, आणि नवखा कारागीर हेड गॅस्केट गेले म्हणून इंजिन उघडायला धावतो. डिपस्टिकवरची पातळी वर चढते आणि गाडी थेंबभरही ऑइल खात नाही म्हणून मालक खूश होतो. हे ऑइल ठेवावे की काढावे? काही उत्पादकांच्या मते कारखान्यात भरलेल्या ऑइलमधील द्रव्ये रिंगा बसण्यास मदत करतात, म्हणून ते मुदतीआधी काढू नये. उलट त्याच ऑइलमध्ये झिजेचा बारीक कीस, पाणी आणि पेट्रोल एकत्र साचलेले असते. किलोमीटर पाहावे तर फार लवकर, पंचांग पाहावे तर फार उशीर, अशा कात्रीत पुस्तक वाचणारा मिस्त्रीही सापडतो.

या पेचातून जुन्या मिस्त्रीने काढलेली पळवाट म्हणजे जाड ऑइल. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ ऑइल लागते. यातला डब्ल्यूपूर्वीचा आकडा थंडीतल्या वाहण्याचा असून ० आणि ५ यांतील फरक उणे ३० अंशांच्या आसपास तपासला जातो, त्यामुळे गोव्यात त्याला फारसा अर्थ नाही. पुढचा आकडा मात्र १०० अंशांवरच्या दाटपणाचा आहे, आणि तेथे २० ग्रेडचे ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, तर ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक भरते. ऑइल अंगठा आणि तर्जनीत चोळून ‘हे तर पाणी आहे’ असा निकाल देणाऱ्या हाताला ही १०० अंशांवरची परीक्षा कधीच घेता येत नव्हती. त्या निकालात ज्ञानापेक्षा मिजास अधिक होती, आणि गिऱ्हाइकाने पुस्तक न उघडता आपल्या अंगठ्यावर विसंबावे ही लालसा तर त्याहून जास्त होती, हे प्रस्तुत लेखकाने आता, बोटांच्या टोकांची जाण बोथट झाल्यावर आणि आयटीआयमधून आलेला शिकाऊ पोरगा पुस्तकाचे पान उघडून समोर धरू लागल्यावर, मान्य करावे हे बरे. तरीही जुन्या शंकेत तथ्य आहे: मुळात पातळ असलेल्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळले की बेअरिंगवरचा पापुद्रा आणखी विरळ होतो. पण जाड ऑइल पेट्रोल हुसकावत नाही. पेट्रोल आणि पाणी उडवते ती उष्णता, आणि उरलेले बाहेर काढतो तो ड्रेन नट.

सुट्या भागांच्या दुकानदारांना ही साधी गोष्ट परवडत नाही. नव्या इंजिनाला फ्लश आणि वर एका बाटलीतले औषध विकणारे, तसेच सिंथेटिकने रिंगा बसतच नाहीत असे छातीठोकपणे सांगणारे, दोघेही धंद्याची अब्रू घालवतात, कारण कित्येक गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्या रिंगा व्यवस्थित बसतात. खरे तर उभ्या इंजिनाचा धडा डिचोलीने सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हाच घेतला होता: शिरगाव, पिळगाव, मये येथील अंगणांत थांबलेल्या ट्रकांच्या चेंबरातले ऑइल एक किलोमीटरही न धावता निकामी होत गेले. ट्रकांबाबत कळलेले हे सत्य मोटारीला लावायला जुन्या मिस्त्रींनी उशीर केला, कारण मोटारीच्या मालकाला जाड ऑइलचा सल्ला देण्यात रुबाब होता आणि तारीख लिहून ठेवण्यात नव्हता.

म्हणून कमी धावणाऱ्या नव्या गाडीसाठी निवाडा असा: ग्रेड पुस्तकातलाच असावा; अंगणात इंजिन चालू ठेवण्याऐवजी आठवड्यातून एकदा गाडी पत्रादेवीवरून बांद्यापर्यंत किंवा साखळीवरून चोर्ला घाटाच्या चढाला, एकसारखा वेग न ठेवता आणि फार न रेटता, अर्धा-पाऊण तास चालवावी; आणि अशा काही फेऱ्या झाल्यावर, मीटर काहीही दाखवो, पहिला पावसाळा सरताच ऑइल व फिल्टर बदलावे. लहान पेट्रोल इंजिनाला लागणाऱ्या तीन-साडेतीन लिटर ऑइलचा खर्च इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे.